धुळाक्षरांचं गाव : तरंगंबाडी



‘मी पाहिलेले ऐतिहासिक स्थळ’ हा निबंध आपण दरवर्षी मुलांकडून लिहून घेतो. मुलंही ठरलेलं लिहितात. किल्ला भव्य होता, बुरूज मजबूत होते, आम्ही झाडाखाली डबे खाल्ले, खूप मजा आली. यात मुलांचा काही दोष नाही. स्थळ बघायचं म्हणजे नेमकं काय बघायचं, हे पाठ्यपुस्तकात लिहिलेलं नसतं. म्हणून या वेळी हाच निबंध मी स्वतः लिहायला घेतला आहे. वर्गात वाचून दाखवता येईल असा प्रयत्न केला आहे. तुम्हाला हवा तसा कमी-जास्त करून वापरा.

गाव कुठं आहे?

दिवाळीच्या सुट्टीत आमच्या केंद्रातले आम्ही पाच शिक्षक तमिळनाडूला गेलो होतो. मुख्य बेत तंजावरचा होता. तिथून एक दिवस काढून तरंगंबाडीला गेलो. सकाळी तंजावरहून बस धरली. कुंभकोणम, मयिलादुतुरै असं करत, भातखाचरांच्या मधून जाणाऱ्या रस्त्यानं समुद्रापर्यंत पोहोचलो. आपल्याकडं दिवाळीत आकाश मोकळं असतं. तिकडं मात्र तेव्हाच ईशान्य मोसमी पाऊस चालू असतो. ‘तिकडचा पावसाळा आत्ता असतो’ हे भूगोलात शिकवलं होतं, पण छत्री मात्र पाचांत मिळून दोनच!

तरंगंबाडी हे बंगालच्या उपसागराच्या काठावरचं लहान गाव. कारैकालच्या उत्तरेला, सध्याच्या मयिलादुतुरै जिल्ह्यात. नावाचा अर्थ ‘गाणाऱ्या लाटांचं गाव’ असा सांगतात. ‘तरंग’ हा शब्द आपल्याला परका नाही, त्यामुळं नाव ऐकताच गाव ओळखीचं वाटलं. युरोपातल्या लोकांना हे नाव उच्चारता येईना, म्हणून त्यांनी त्याचं ‘ट्रँक्वेबार’ करून टाकलं.

डेन्मार्कचे लोक इथं कसे आले?

भारतात इंग्रज, पोर्तुगीज, डच, फ्रेंच आले हे मुलांना माहीत असतं. डेन्मार्कचे लोकही आले होते, हे मात्र बऱ्याच मोठ्यांनाही माहीत नसतं. १६१६ मध्ये डेन्मार्कमध्ये ईस्ट इंडिया कंपनी स्थापन झाली. त्यांना हवी होती मिरी. तेव्हा युरोपात मिरीला मोठा भाव होता. १६२० मध्ये ओव्हे येड्डे हा त्यांचा दर्यासारंग इथं आला आणि तंजावरचे राजे रघुनाथ नायक यांच्याशी त्यानं करार केला. गाव डेन्मार्कला खंडानं मिळालं. वर्षाचा खंड ३,१११ रुपये. तिथं त्यांनी डॅन्सबोर्ग नावाचा किल्ला बांधला.

इथं मुलांना एक गोष्ट जरूर सांगावी. डेन्मार्कच्या लोकांनी हे गाव जिंकून घेतलं नव्हतं. ते भाडेकरू म्हणून आले होते. पुढं १६७६ च्या सुमारास तंजावरची गादी छत्रपती शिवाजी महाराजांचे सावत्र भाऊ व्यंकोजीराजे यांच्याकडं आली. म्हणजे त्यानंतर या गावाचे घरमालक झाले तंजावरचे भोसले! चौथीच्या मुलांना शिवचरित्र शिकवताना ही माहिती दिली की त्यांचे डोळे चमकतात.

शेवटी १८४५ मध्ये डेन्मार्कनं तरंगंबाडी आणि बंगालमधलं श्रीरामपूर अशी आपली गावं साडेबारा लाख रुपयांना इंग्रजांच्या कंपनीला विकली. गाव विकताना गावातल्या माणसांना कुणी विचारलं नाही. ‘वसाहत’ या शब्दाचा अर्थ मुलांना सांगायचा असेल, तर हे एक वाक्य पुरेसं आहे.

रस्ता, चर्च आणि किल्ला

गावात शिरताना एक पांढरी वेस लागते. ही वेस १७९२ ची आहे. तिच्यातून आत गेलं की सरळ रस्ता समुद्राकडं जातो. त्याला किंग स्ट्रीट म्हणतात. दोन्ही बाजूंना जुन्या बंगल्यांचे जाड खांब, उंच खिडक्या, ओलसर भिंती. १७०१ सालचं झायन चर्च आहे. थोडं पुढं १७१८ सालचं न्यू जेरुसलेम चर्च आहे. रस्त्यावर शेळ्या निवांत बसलेल्या होत्या. एका ओट्यावर कोळीण मावशी मासळी निवडत होत्या. आमच्यातल्या एका सरांनी रस्त्याचे भराभर फोटो काढले आणि म्हणाले, “मॅडम, भारतात आहोत असं वाटतच नाही!”

मी म्हटलं, “सर, त्या मावशींना विचारा की!”

सगळे हसले. पण पुढं दिवसभर मी तेच बघत राहिले. जुन्या वसाहतीच्या गावात गेल्यावर आपलं लक्ष आपोआप बंगल्यांकडं जातं. बंगल्यासमोर बसलेला माणूस फोटोत येऊ नये म्हणून आपण बाजूला सरकतो. पण गाव तर त्याचंच असतं.

किल्ला समुद्राला लागून आहे. रायगड, प्रतापगड बघितलेल्या आपल्या डोळ्यांना तो लहानच वाटतो. भिंतींना फिकट पिवळसर रंग, आत मोठं पटांगण, खाली कमानीच्या खोल्या. तिथं गोदाम होतं, तुरुंगही होता. आता एका भागात पुरातत्त्व खात्याचं संग्रहालय आहे. जुनी नाणी, चिनीमातीची भांडी, तलवारी, कागदपत्रं असं बरंच काही मांडलेलं आहे. आम्ही सगळं पाहिलं. पण माझं मन अडकलं ते दुसऱ्याच एका गोष्टीत.

वाळूतली अक्षरं

९ जुलै १७०६ रोजी या किनाऱ्यावर एक जर्मन तरुण उतरला. नाव बार्थोलोमेउस झिगेनबाल्ग. दुसऱ्या दिवशी त्याला चोवीस वर्षं पूर्ण होणार होती. डेन्मार्कच्या राजानं त्याला आणि प्लुट्शाऊ नावाच्या त्याच्या सोबत्याला धर्मप्रचारासाठी पाठवलं होतं. गावातले लोक तमिळ बोलत. झिगेनबाल्गला त्यातलं एक अक्षरही येत नव्हतं.

मग त्यानं काय केलं? गावातल्या एका वयस्कर पंतोजींना विनंती केली, की तुमची शाळा माझ्याकडं भरवा. पंतोजी आपली मुलं घेऊन आले. मुलं जमिनीवर बसली, समोर वाळू पसरली आणि बोटानं अक्षरं काढू लागली. हा चोवीस वर्षांचा, विद्यापीठात शिकलेला माणूस त्या मुलांच्या रांगेत बसला आणि वाळूत तमिळ अक्षरं गिरवू लागला.

तमिळमध्ये शिक्षकाला ‘वात्तियार’ म्हणतात. घराच्या ओट्याला म्हणतात ‘तिण्णै’. त्या ओट्यावर भरणारी शाळा ती तिण्णै शाळा. आपल्याकडं पंतोजींची शाळा अशीच कुणाच्या तरी ओसरीवर भरायची. आपली मुलं धूळपाटीवर अक्षरं गिरवायची. म्हणून तर आपल्या भाषेत ‘धुळाक्षरं’ हा शब्द आला. तरंगंबाडीतल्या मुलांची वाळू आणि आपली धूळपाटी ही सख्खी भावंडंच म्हणायची.

त्या वाळूतून पुढं बरंच काही उगवलं. काही वर्षांत झिगेनबाल्ग तमिळ बोलू, लिहू लागला. इंग्लंडहून छपाईयंत्र आलं, जर्मनीतल्या हाले गावाहून १७१३ मध्ये तमिळ खिळे आले. ते खिळे आकारानं मोठे होते आणि त्यांना कागद फार लागायचा. म्हणून लहान खिळे इथंच ओतले. कागद कमी पडू लागला म्हणून शेजारच्या पोरैयारला कागदाचा कारखाना काढला. १७१५ मध्ये बायबलच्या नव्या कराराचं तमिळ भाषांतर इथं छापलं गेलं. १७०७ मध्ये मिशननं मोजक्या मुलींसाठी शाळा काढली होती. १७१६ मध्ये शिक्षक आणि धर्मोपदेशक घडवणारं विद्यालयही सुरू झालं. आपल्या डीएडचा एखादा दूरचा पणजोबा म्हणा ना!

झिगेनबाल्ग १७१९ मध्ये, वयाच्या छत्तिसाव्या वर्षी इथंच वारला. त्याची समाधी न्यू जेरुसलेम चर्चमध्ये आहे. तो जिथं उतरला तिथं स्मारक आहे. त्याच्याबद्दलचे फलक आम्ही जागोजागी वाचले. ज्यांनी त्याला अक्षर शिकवलं, त्या पंतोजींचं नाव मात्र मला एकाही फलकावर दिसलं नाही. मुलांची नावं तर कोण लिहून ठेवणार? शिक्षक म्हणून हे मला लागलं. तीनशे वर्षांनी फलक शिकणाऱ्याचा आहे, शिकवणाऱ्याचा नाही.

शिकणं कशासाठी?

ही गोष्ट वर्गात सांगताना एवढ्यावर थांबलं तर ती गोडगोड होईल. मुलांना अर्धवट गोष्ट सांगू नये, असं मला वाटतं.

झिगेनबाल्ग तमिळ शिकला तो लोकांना आपल्या धर्मात आणण्यासाठी. तो उद्देश त्यानं कधी लपवला नाही. पण भाषा शिकता शिकता तो लोकांचं ऐकूही लागला. ताडपत्रावरच्या पोथ्या गोळा करू लागला. तमिळ ग्रंथांच्या याद्या केल्या. दक्षिणेतल्या देवदेवतांवर त्यानं एक मोठा ग्रंथ लिहून १७१३ मध्ये युरोपला पाठवला. तिथल्या वरिष्ठांना तो रुचला नाही. तुम्हाला तिकडं शिकवायला पाठवलं आहे, तिकडचं आम्हाला शिकवायला नव्हे, असा त्यांचा एकूण सूर. तो ग्रंथ छापला गेला १८६७ मध्ये, म्हणजे दीडशे वर्षांनी. इकडं गावातही त्याचं गव्हर्नरशी पटलं नाही. गव्हर्नरनं त्याला डॅन्सबोर्ग किल्ल्यात चार महिने डांबून ठेवलं होतं. म्हणजे आम्ही ज्या किल्ल्यात फोटो काढत होतो, तिथंच.

मित्रांनो, आपल्या प्रशिक्षणात एक वाक्य वारंवार येतं, ‘मुलाच्या बोलीकडून प्रमाणभाषेकडं’. वाक्य बरोबर आहे. पण किल्ल्याच्या तटावर बसल्यावर मला प्रश्न पडला. मुलाची बोली आपण शिकतो ती कशासाठी? त्याला लवकरात लवकर आपल्या भाषेत ओढून आणण्यासाठी, की त्याच्याकडं सांगण्यासारखं काही आहे म्हणून? पहिल्या प्रकारात बोली ही फक्त शिडी असते, वर चढलं की काढून टाकायची. दुसऱ्या प्रकारात ती घर असते. झिगेनबाल्ग शिडी घेऊन आला होता, पण थोडा वेळ का होईना, त्या घरात जाऊन बसला. त्याच्या वरिष्ठांना नेमकं तेच आवडलं नाही.

तंजावरचा मराठी धागा

आता थोडं आपल्या मराठीबद्दल. याच मिशनमध्ये १७५० मध्ये श्वार्ट्झ नावाचे धर्मोपदेशक आले. पुढं ते तंजावरला राहिले. तंजावरचे तुळजाजीराजे यांनी आपला दत्तक मुलगा सरफोजी याचा सांभाळ करण्याची जबाबदारी त्यांच्यावर सोपवली. सरफोजीराजे १७९८ ते १८३२ या काळात गादीवर होते. सरस्वती महाल ग्रंथालयाला आज जे वैभव आहे ते मुख्यतः त्यांच्यामुळं. बृहदीश्वर मंदिराच्या भिंतीवर भोसले घराण्याचा इतिहास सांगणारा भलामोठा मराठी शिलालेख आहे, तोही त्यांनीच १८०३ मध्ये कोरवून घेतला. तमिळ भूमीत, चोळांच्या मंदिरात, भिंतभर मराठी! आम्ही पाचही जण बोटानं ओळी दाखवत मोठ्यानं वाचत होतो, अगदी पहिलीच्या मुलांसारखे.

सरफोजीराजांनी देवनागरी छापखाना काढला आणि १८०६ मध्ये तिथं ‘बालबोधमुक्तावली’ हे पुस्तक छापलं. हे इसापच्या गोष्टींचं मराठी भाषांतर. म्हणजे मराठीतलं अगदी सुरुवातीचं छापील पुस्तक निघालं ते मुलांसाठी, आणि तेही पुण्या-मुंबईत नव्हे तर तंजावरला. डेन्मार्कचं दुसरं गाव श्रीरामपूर, तिथं विल्यम कॅरी यांनी वैजनाथ पंडितांच्या मदतीनं १८०५ मध्ये मराठीचं व्याकरण छापलं. मोडी लिपीतला मराठी कोश १८१० मध्ये निघाला. इथंही शिकणाऱ्याच्या मागं एक शिकवणारा पंडित उभा आहेच.

समुद्र सगळं बघतो

किल्ल्याच्या उत्तरेला, पाण्याच्या अगदी काठावर मासिलामणिनाथर मंदिर आहे. ते १३०६ सालचं, पांड्य राजांच्या काळातलं. डेन्मार्कचे लोक यायच्या तीनशे वर्षं आधीचं. समुद्र ते हळूहळू गिळत आला आहे. २६ डिसेंबर २००४ ची त्सुनामी या किनाऱ्यावर आदळली. तेव्हा हे गाव नागपट्टिणम जिल्ह्यात होतं आणि त्या एका जिल्ह्यात सहा हजारांहून अधिक माणसं गेली. सर्वांत मोठा घाव बसला तो मच्छीमारांना. किंग स्ट्रीटवरचा रंग नवा आहे. पण गावाची गोष्ट १६२० ला सुरू होऊन १८४५ ला संपत नाही. ती सकाळी जाळी ओढणाऱ्या माणसांजवळ अजून चालू आहे.

माझ्या वर्गात

आमची शाळा ऊसपट्ट्यात आहे, दोन शिक्षकी. दिवाळीनंतर कारखाना सुरू झाला की ऊसतोड कामगारांची मुलं येतात. यंदा चार मुलं आली, चारही बंजारा. घरी गोरमाटी बोलतात. तिसरीतला एक मुलगा पहिला आठवडाभर एक शब्द बोलला नाही. हजेरीला फक्त मान हलवायचा.

वर्गात वाळूचा ट्रे आमच्याकडं आधीपासून आहे. पहिलीची मुलं त्यात अक्षरं गिरवतात. मी सगळ्यांना गोल बसवून तरंगंबाडीची गोष्ट सांगितली. मग त्या मुलाला म्हटलं, “आज तू सर. मी तुझी विद्यार्थिनी. मला आई हा शब्द तुझ्या भाषेत शिकव.”

तो बराच वेळ वाळूकडं बघत बसला. मग हळूच म्हणाला, “याडी.”

मी विचारलं, “लिहून दाखवू का मी? बरोबर आहे का सांग.” मी वाळूत ‘याडी’ लिहिलं. त्याला ‘य’ येत नव्हता, पण ‘डी’ ची वेलांटी येत होती. त्यानं माझी वेलांटी पुसली आणि स्वतःची काढली. वर्ग टाळ्या वाजवायला लागला. दुसरा शब्द आला ‘बाटी’, म्हणजे भाकरी. आता आमच्या भिंतीवर गोरमाटी शब्दांचा तक्ता आहे. गावातली मुलंही मधल्या सुट्टीत “बाटी खाल्ली का?” असं विचारतात.

यातून फार मोठं काही झालं असं मी म्हणणार नाही. तो अजून जोडाक्षरांना अडतो. कारखाना बंद झाला की तो जाईल. पुढच्या वर्षी याच शाळेत येईल की दुसऱ्याच गावच्या फडावर असेल, कुणाला ठाऊक. हातात चार-पाच महिने आहेत. पण या महिन्यांत तो फक्त शिकणारा नव्हता, शिकवणाराही होता, एवढं तो सोबत नेईल. आणि त्याचं नाव तक्त्याच्या वर ठळक लिहिलेलं आहे. पंतोजींच्या बाबतीत जे राहून गेलं, ते आपल्या वर्गात तरी राहू नये.

सहलीला जाताना चार प्रश्न

सगळ्यांना तमिळनाडूला जाणं शक्य नाही. त्याची गरजही नाही. आपल्याजवळ वसईचा किल्ला आहे, तिथं १७३९ पर्यंत पोर्तुगीज होते. रेवदंडा आहे, वेंगुर्ल्याची डच वखार आहे. राजापूरला इंग्रजांची वखार होती. मुलांना अशा ठिकाणी नेताना वहीत हे चार प्रश्न लिहून द्या :

१. बाहेरचे लोक इथं काय घ्यायला आले होते?
२. ते यायच्या आधी इथं काय होतं?
३. त्यांनी इथल्या लोकांकडून काय शिकून घेतलं आणि ते कुणी शिकवलं?
४. आज इथं कोण राहतं आणि काय काम करतं?

पहिल्या प्रश्नाचं उत्तर फलकावर मिळेल. दुसऱ्यासाठी आजूबाजूला फिरावं लागेल. तिसऱ्याचं उत्तर बऱ्याचदा मिळणार नाही, तिथं मुलांना रिकामी ओळ सोडू द्या. ती ओळ रिकामी का राहिली, यावर वर्गात बोला. चौथ्यासाठी मात्र एखाद्या मावशीशी, एखाद्या काकांशी बोलावंच लागेल. त्यासाठी सहलीच्या वेळापत्रकात अर्धा तास राखून ठेवा, डब्याच्या आधी.

तुमच्या मुलांनी काय उत्तरं लिहिली ते जरूर कळवा.